सोमवारचं वासरू

मी सांगतो त्यातलं अर्धं सोडून द्यायचं, हे आमच्या गावात पोराटोरांनाही शिकवावं लागत नाही. माझ्या गोष्टीतला अनेर नदीचा पूर दरसाल दोन हात वाढतो. पहिल्यांदा सांगितला तेव्हा तो मारुतीच्या पायरीला लागला होता. आता तो मारुतीच्या डोक्यावरून जातो आणि देवाच्या शेपटीला एक म्हैस अडकलेली असते. लोक ऐकतात, हसतात, चहा पाजतात. जन्मभर गुरांच्या बाजारात दलाली केली. तिथं बैलाचं वय सांगता सांगता जीभ सैल झाली ती झालीच. पण ही गोष्ट तानुअक्काची आहे, आणि ती झाली तशी लिहितो आहे. विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही बघा.

आमचं गाव चोपड्याच्या पलीकडे, अनेरच्या काठाला. तानुअक्काच्या भावकीची सात घरं, सातही एका ओळीत. मी त्यांच्यातला नव्हे, शेजारचा. या सात घरांची कानबाई एकच. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसायची, रात्रभर गाणी व्हायची आणि सोमवारी सकाळी तिला नदीवर न्यायचे. देवी म्हणजे नारळच, पण त्याला डोळे लावले, नथ घातली, की बायका तिच्याशी दुपारच्या वेळी जावेशी बोलावं तसं बोलायच्या.

आमच्याकडे एक रीत आहे. सणाच्या दिवशी घराण्यात कुणी गेलं, तर तो सण बंद पडतो. मग पुढं कधीतरी त्याच सणाला त्याच घराण्यात मूल जन्मावं लागतं, नाहीतर गोठ्यात गाय व्यावी लागते. तेव्हा तो उघडतो. तोवर पूजा नाही, नैवेद्याचे रोट नाहीत, आणि देवीची गाणी तर तोंडातसुद्धा आणायची नाहीत.

सहासष्ट साली कानबाईच्या रविवारी तानुअक्काचा धाकटा मुलगा उखर्डू गेला. एकोणीस वर्षांचा होता, नऊ दिवस तापात होता. तेव्हापासून सात घरांची कानबाई बंद. पुढच्या एकवीस श्रावणांत सात घरांत पोरं झाली, गाई व्याल्या, कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी, एकदा तर शनिवारी दिवेलागणीला. तो रविवार काही कुणाला साधला नाही.

अठ्ठ्याऐंशी साल उजाडलं तेव्हा अक्का ऐंशीला टेकली होती. कानबाईची सगळी गाणी येणारी सात घरांत ती एकटीच उरली होती. बरोबरीच्या म्हाताऱ्या गेल्या, आणि त्यांच्या सुनांनी या घराण्याची देवी पाहिलीच नव्हती. अक्काची सून बेबाबाई, थोरल्या सुकदेवची बायको, पहूरकडची. सदुसष्ट साली लग्न होऊन आली. "एकवीस वर्सं झाली या घरात हाये, सासू पाह्यली, जावा पाह्यल्या, देवी काही पाह्यली नही," असं ती तिच्या बोलीत म्हणायची. तिचं ते 'हाये' ऐकून 'आहे'ला 'शे' म्हणणाऱ्या आमच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. उन्हाळ्यापासून अक्काला अन्न जाईना. चोपड्याच्या डॉक्टरनं सुकदेवला बाजूला घेऊन सांगितलं, पुढचा श्रावण धरू नका.

एकदा कानबाई बसलेली पाहायची आणि गाणी सुनेच्या तोंडात घालायची. अक्काला एवढंच हवं होतं, आणि ते मागायचं कुणाकडं, हा प्रश्न होता.

तिसऱ्या घरचा रुपचंद धुळ्याला जाऊन एका महाराजांना विचारून आला. अक्काच्या खाटेशी बसून म्हणाला, "काकू, महाराज सांगतस देव अविकारी शे. त्याले रविवार काय अन् सोमवार काय! शांत करा अन् बसाडा."

"अविकारी म्हंजे काय रे?"

"ज्यामा बदल व्हत नही तो."

"मंग मी बावीस वरीस दुसरं काय सांगी ऱ्हायनू?"

रुपचंद उठला. "तू अन् तुनी कानबाई, दोन्ही सारख्या अडेल शेतस," असं म्हणून चपला न घालताच निघून गेला. चपला न्यायला पोरगी पाठवली.

राहता राहिली सुकदेवची मोरी गाय. तिचे दिवस भरत आले होते. नागपंचमी झाली तशी सातही घरं मोरीकडे बघायला लागली. कुणी पेंड आणली, कुणी गूळ. या घराण्याचं असं ठरलेलं, की सण उघडला तर त्याच श्रावणात, पुढच्या रविवारी देवी बसवायची. म्हणजे गाईनं मनावर घेतलं तर अक्काला फक्त आठ दिवस काढायचे होते. मी मोरीच्या कानात सांगितलं, "रविवार धरी ठेव, माय."

आणि रविवारी दुपारी मोरीला कळा सुरू झाल्या. गोठ्याच्या दाराशी बायकांची ही गर्दी. मोरी उठे, बसे, फिरे, पुन्हा बसे. संध्याकाळ झाली, रात्र झाली. आमच्याकडे दिवस सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे रात्रही रविवारचीच होती. पण गाय अडली. पहाटे सुकदेव सायकल घेऊन चोपड्याला ढोरांचा डॉक्टर आणायला गेला. बायका-पुरुष जागून जागून घरी जाऊन आडवे झाले. बेबाबाई पाण्याला गेली. गोठ्यात गाय आणि मी.

श्रावणातलं आभाळ, सगळं भरलेलं. सूर्य कधी वर आला ते कुणाला दिसायचं कारण नव्हतं. पण शेजारी पुनाच्या घरात रेडिओ लागला. सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या. बाई कुठल्या धरणात किती पाणी साठलं ते सांगत होती, आणि त्याच वेळी वासराचे पुढचे खूर दिसले. मी बाह्या सरसावल्या. मोरीनं एक हंबरडा फोडला आणि वासरू माझ्या हातात आलं. तांबडं, कपाळावर पांढरा ठिपका. पुसलं, नाक मोकळं केलं, तसं तेही ओरडलं. सोमवार उजाडून तास होत आला होता.

मग मला जे येतं ते मी केलं. वासराला आईपुढं ठेवलं, गल्लीत आलो आणि ओरडलो, "उघडनी रे कानबाई! दिन निंघाना आधीच वासरू व्हयनं! पुसता पुसता माले यळ व्हयना!"

पुढचं काय सांगू? दारं उघडली, माणसं धावली. रुपचंदनं माझे पाय धरले. बायका मोरीच्या शिंगांना हळद लावायला लागल्या. मला सात घरांत सात चहा झाले आणि मी सात वेळा सांगितलं. सातव्या घरी पोचलो तेव्हा माझ्या सांगण्यात वासराच्या कपाळावर शुक्राच्या चांदणीचा उजेड पडला होता. आभाळ ठार भरलेलं होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आनंदात माणूस वर बघत नाही.

दुपारी अक्कानं बोलावलं. तिची खोली आणि गोठा यांच्यात एकच भिंत. बेबाबाईला तिनं बाहेर पाठवलं.

"दार लोटी ले, भिकन. बस."

मी बसलो.

"ती रेडिओवरली बाई काय सांगी ऱ्हायनी व्हती?"

मी खाटेच्या सुंभाशी चाळा करायला लागलो.

"धरणनं पाणी सांगी ऱ्हायनी व्हती," अक्काच म्हणाली. "तव्हय मोरी वरडनी. मंग वासरू वरडनं. मी या भिंतना आंगे पडेल शे. डोळा अधू व्हयनात, कान नही."

"मंग सकायपासून बोलनी काबरं नही?"

ती आढ्याकडे बघत म्हणाली, "बोलता उनं नही. बठ्ठ्या बाया हासी ऱ्हायन्या व्हत्या. बेबा त रडी ऱ्हायनी व्हती. मीबी मनमनमा गानं धरं. एक कडवं व्हयनंबी."

मला वाटलं, झालं, आता सांभाळून घेता येईल. मी खाट धरून पुढं सरकलो. "अक्का, कानबाई का घड्याळ देखस? एक तासनी गोष्ट शे. रुपचंदना महाराजबी सांगस, तिले काही फरक पडत नही. तू देवी देख, सुनले गानं दे, अन् सुखमा जाय. पाप लागनं तर माले लागू दे. मना खातामा तशी जागा भरपूर शे."

"एक तास," ती म्हणाली. "एक तासनीच गोष्ट व्हती रे तव्हयबी."

तेव्हा मला सहासष्ट सालची ती पहाट पुन्हा दिसली. मी त्या घरात दाराशी उभा होतो. पुढच्या खोलीत कानबाई बसलेली, दिवे लागलेले, बायका गात होत्या. आतल्या खोलीत अक्काच्या मांडीवर उखर्डू. तो गेला तेव्हा सोमवार उजाडायला थोडा अवकाश होता. रुपचंदचा बाप तेव्हा सात घरांत मोठा. तो अक्काजवळ टेकला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, एक तास तोंड उघडू नको. दिन निंघू दे, देवी नदीवर जाऊ दे, मंग रड. सात घरंसना सण वाची जाई." अक्का पोराच्या केसांतून हात फिरवत बसली. बायका पुढं गातच होत्या. मग अक्कानं असा काही टाहो फोडला की गाणं जागच्या जागी थांबलं. कानबाईची पाठवणीसुद्धा धड झाली नाही. नारळ उचलून कुणीतरी नदीवर नेला, बस. सात घरांनी बोलून दाखवलं नाही, पण बावीस वर्षं ते मनात धरलं. आईच ती, तिला धरवलं नाही, असं मी आपलं समजत होतो.

अक्का जणू ते ऐकत असावी. म्हणाली, "माले धरता उनं असतं, भिकन. एक तास काय, मी आखा दिन धरतू. पन तो रविवारले गया. सोमवार सांगतू, तर तो एक तास मना मांडीवर कोन व्हतं? जित्तं नही, मरेल नही, असं मना पोऱ्याले मी ठेवतू?"

बाहेर बायकांचा हसण्याचा आवाज येत होता. रोटाचे गहू निवडायची बोलणी चालली होती.

"तव्हय त्यानासाठे तास सरकाडा नही, अन् आते मना हऊससाठे सरकाडू? त्याले काय तोंड दखाडू?"

मी म्हणालो, "अक्का, तिनी तुले काय देनं? पोऱ्या लई गयी, अन् बावीस वरीस वाट देखाले लाई."

"मी तिले शिव्या देन्यात. तुले सांगता येवाव नहीत अशा देन्यात. ती रागे भरनी नही. मंग मी रडनू, पाया पडनू. ती इरघळनीबी नही. मी जव्हय जव्हय परत गऊ, तव्हय ती तठेच व्हती." तिनं हात लांबवून भिंतीवर तळवा टेकवला. "हाई भित सरकत नही, म्हणीसन तिले पाठ लावता येस. तुले कोनी पाठ लावी देखी का? तिले तुनासारखी करू नको रे भो."

मला हसू आलं. तीही हसली, दात नसलेलं. मग म्हणाली, "जाय. सातही घर फिर."

मी फिरलो, आणि माझ्यावर एकानंही विश्वास ठेवला नाही! सकाळचं खोटं सगळ्यांनी गुळासारखं खाल्लं होतं, आणि दुपारचं खरं त्यांना खोटं वाटलं. "आबा, म्हातारीनी काय देनं तुले उलटं सांगाले?" पुना म्हणाला. रुपचंदनं तर माझ्या तोंडावर दार लावलं. सकाळी पाय धरणारा तोच. शेवटी अक्कानं सुकदेवला सांगून खाट उचलायला लावली. ओळीच्या मधोमध, भर गल्लीत तिची खाट ठेवली. सात घरांची माणसं गोळा झाली. ती एवढंच म्हणाली, "वासरू सोमवारनं शे. मी ऐकं."

रुपचंद पुढं आला. "तव्हयबी तूच बंद करी, काकू. आतेबी तूच."

"हा," अक्का म्हणाली.

ज्यांनी गहू भिजवायला काढले होते त्यांनी ते परत कणगीत ओतले. बेबाबाई दोन दिवस सासूशी बोलली नाही. ताट ठेवायची, उचलायची. तिसऱ्या दिवशी खाटेशी सुपात डाळ घेऊन बसली आणि खाली मान घालूनच म्हणाली, "आत्याबाई, गानं म्हनू नका. पन त्याच्यात काय हाये ते त मले सांगा. देवी कुठून येते, कोनाशी बोलते, काय मांगते."

अक्का विचारात पडली. गाण्याला बंदी होती. सांगण्याला आहे की नाही, हे तिला तिच्या सासूनं कधी सांगितलं नव्हतं, आणि विचारायला वरची कुणी उरली नव्हती. संध्याकाळी तिनं सांगायला सुरुवात केली. सूर नाही, ताल नाही, एखादीनं माहेरची हकीकत सांगावी तसं. देवी डोंगरातून कशी निघाली, नदीला पाणी किती होतं, नावाड्यानं काय विचारलं, पहिल्या घरी दार कुणी उघडलं. बेबाबाई दुसऱ्या दिवशी ते परत म्हणून दाखवायची, आणि तिच्या तोंडी देवी पहूरची होऊन बोलायची.

"हाये नही व, शे!" अक्का खाटेवरून ओरडायची. "ती शे म्हनस!"

"माझी जीभ नही वळत, आत्याबाई."

मी म्हणालो, "अक्का, मी वहीमा लिखी ठेवस."

"तू? तू त्यामा म्हैस घालशी."

असं दिवाळीपर्यंत चाललं. अक्का थकत गेली, तसं तिचं ओरडणं कमी झालं. एकदा बेबाबाईनं पहिल्यापासून सगळं सलग सांगितलं, आपल्याच बोलीत. अक्का डोळे मिटून होती. झोपली असं आम्हाला वाटलं. मग ती म्हणाली, "वळखू उनी. बोलनं तुनं शे, पन बाई तीच शे." त्यानंतर तिनं सुनेचा एकही शब्द दुरुस्त केला नाही.

एक गाणं मात्र राहिलं. सोमवारी सकाळी देवीला वाटे लावताना म्हणायचं, पाठवणीचं. बेबाबाईनं विचारलं तर अक्का म्हणाली, "ती आजून उनी नही. जावानं काय सांगू?" मार्गशीर्षात बेबाबाईनं पाय धरले, पौषात मी बसून विनवलं. म्हटलं, अक्का, तुझ्याबरोबर जाईल ते. ती म्हणे, "जाई तर जाई. येवाना आधी कोनले वाटे लावतस का?" तिथं ती भिंतच होती.

माघात ती गेली, बुधवारी. मी पंचांग काढून पाहिलं. सात घरांचा एकही सण त्या दिवशी नव्हता.

चौऱ्याण्णव साली कानबाईच्या रविवारी, भर दुपारी, रुपचंदची सून बाळंत झाली. मुलगी. नर्सबाई होती, अकरा बायका साक्षीला होत्या, आणि मला मुद्दाम लांब ठेवलं होतं. "आबा, तुम्ही मारुतीपाशी जाईसन बसा," असं रुपचंदनं स्वतः येऊन हात जोडून सांगितलं. मी बसलो.

पुढच्या रविवारी, अठ्ठावीस वर्षांनी, सात घरांत देवी बसली. सूर दुसऱ्या घराण्यांतल्या बायकांकडून ऐकलेला, आणि शब्द अक्कानं सांगितलेले, बेबाबाईच्या बोलीतले. रात्रभर ती गायली. 'हाये' ऐकून कुणी तोंडाला पदर लावला नाही. सोमवारी सकाळी तिनं देवी डोक्यावर घेतली, उंबऱ्याशी आली, तोंड उघडलं, आणि तशीच उभी राहिली. सोबतच्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. मग तिनं ओठ मिटले आणि चालायला लागली. सात घरांच्या बायका तिच्या मागं. चिखलातल्या पावलांचा आणि बांगड्यांचा तेवढा आवाज. देवी पाण्यात सोडली आणि घरी येईपर्यंत कुणी बोललं नाही. दुसऱ्या वर्षी कुणीतरी सुचवलं, की शेजारच्या घराण्याचं पाठवणीचं गाणं उसनं घ्यावं. बेबाबाई म्हणाली, "नही." पुन्हा कुणी सुचवलं नाही.

नव्याण्णवच्या श्रावणात मी त्या बायकांच्या मागं काठी टेकत नदीकडे निघालो होतो. बाजूला रुपचंदची नात, पाच वर्षांची, माझं बोट धरून. तिला मी मारुतीच्या शेपटीच्या म्हशीचं सांगायला लागलो. पुढं पुनाच्या मुलाची बायको चालली होती, रावेरकडची, त्याच वैशाखात लग्न होऊन आलेली. ती थांबली, मागं वळली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"आबा, बोलू नका," ती कुजबुजली. "आमच्यात देवीले मुक्यानं वाटे लावतात. पयल्यापासून हाये."

मी गप्प झालो. नदी जवळ आलीच होती.